थाळीची पाठही छापा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. राष्ट्राच्या इतिहासाची आठवण म्हणून घडवलेल्या चिनी मातीच्या थाळ्या, मग आणि शोभेच्या बश्या यांच्यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत दोन पानांचा लेख आला. मी तो दोनदा वाचला. छायाचित्रे सुंदर आहेत, नऊ आहेत, आणि नऊच्या नऊ समोरून घेतलेली आहेत. एकाही थाळीची पाठ दाखवलेली नाही. त्यासाठीच हे पत्र.

मी ३१ वर्षे चिनी मातीच्या एका कारखान्यात डेकल विभागात काम केले. डेकल म्हणजे छापील चित्राचा कागद. तो पाण्यात भिजवायचा, चित्र सुटू लागले की बशीवर सरकवायचे आणि रबराच्या पट्टीने खालचे पाणी व हवा कडेकडे ढकलत बाहेर काढायची. एक बुडबुडा जरी राहिला तरी भट्टीत तेवढ्या जागी चित्राला भोक पडते. माल हातात आला की आम्ही तो आधी उलटा करायचो. बुडाचा शिक्का स्वच्छ उठला आहे का, बुडाच्या कडीला खरखरीत कण चिकटले आहेत का, ग्लेझ म्हणजे वरचा काचेसारखा लेप कुठे आखडला आहे का, हे सगळे पाठ सांगते. तोंड नंतर. ही सवय निवृत्त झाल्यावरही सुटलेली नाही, आणि ती सुटू नये असे मला वाटते.

लेखात या वस्तूंना राष्ट्राचा आरसा म्हटले आहे. एवढ्या मोठ्या शब्दाशी माझे भांडण नाही. पण आरशात फक्त तोंड दिसते. थाळीच्या तोंडावर असते ते कुणाला तरी सांगायचे असते म्हणून. ती कुणी केली, कुठे केली, कुणाच्या मालावर कुणाचा शिक्का मारला, हे बुडाला असते. लेखातल्याच दोन-तीन उदाहरणांवरून दाखवते.

पहिले उदाहरण निळ्या थाळीचे. ‘जनरल लाफायेत यांचे कॅसल गार्डन, न्यूयॉर्क येथे आगमन, १६ ऑगस्ट १८२४’ अशा शीर्षकाची ती थाळी आपण पानभर मोठी छापली आहे. लाफायेत हा फ्रेंच सरदार अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांविरुद्ध लढला होता. म्हातारपणी अमेरिकेने त्याला राष्ट्राचा पाहुणा म्हणून बोलावले आणि साऱ्या देशाने त्याचे स्वागत केले. लेखिकेने हे सगळे छान लिहिले आहे. पण वाचून असे वाटते की ही थाळी अमेरिकनांनीच आपल्या आनंदापोटी घडवली.

मुलीकडे इंग्लंडला गेले होते तेव्हा जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मी हीच थाळी हातात घेतली होती. घेतल्या घेतल्या उलटी केली. दुकानदार म्हणाला, तुम्ही या धंद्यातल्या दिसता. बुडाला मातीत दाबलेला गोल शिक्का होता : क्ल्यूज, वॉरंटेड, स्टॅफर्डशायर (हा इंग्लंडातला परगणा). आणि त्या गोलाच्या मधोमध मुकुट! राजाला झुगारून दिलेल्या देशाच्या लाडक्या सेनानीचे चित्र वर, आणि खाली राजमुकुट. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्याने व्हाइट हाउस जाळले होते. त्याला दहा वर्षे होतात न होतात तोच इंग्लंडातल्या कोब्रिज गावचे क्ल्यूज बंधू अमेरिकेच्या अभिमानाची चित्रे छापून जहाजांनी तिकडे पाठवत होते. ते एकटे नव्हते. त्याच परगण्यातल्या बर्स्लेमच्या इनॉक वुडने, इंग्लंडहून अमेरिकेत वसायला गेलेले पिल्ग्रिम यात्रेकरू प्लिमथला उतरले त्या प्रसंगाची थाळी काढली. रिजवे बंधूंनी अमेरिकेतल्या इमारतींची मालिका काढली. टॉमस मेयरने राज्यांची बोधचिन्हे छापली. वुडच्या काही मालाच्या पाठीवर तर अमेरिकेचा गरुड आणि त्या देशाचे लॅटिन बोधवाक्यही आहे, आणि त्याच्याच शेजारी बर्स्लेमचे नाव. एकाने मुकुट तसाच ठेवला, दुसऱ्याने गिऱ्हाइकाचा गरुड मारला. मला या दोन बुडांत जेवढा इतिहास दिसतो तेवढा वरच्या चित्रात दिसत नाही.

पुढे अमेरिकेने १८९० मध्ये आयातीचा कायदा केला. परदेशी मालावर मूळ देशाचे नाव हवेच असे त्यात ठरले, आणि थाळ्यांच्या बुडाला ‘इंग्लंड’ हा शब्द येऊ लागला. जुनी थाळी त्याआधीची की नंतरची, याचा पहिला अंदाज आजही या शब्दावरून बांधतात. अध्यक्षांच्या घरची मेजवानीची भांडीसुद्धा दीर्घकाळ परदेशीच होती. अमेरिकेत घडलेला पहिला संपूर्ण संच व्हाइट हाउसमध्ये आला तो १९१८ मध्ये, वुड्रो विल्सन अध्यक्ष असताना, लेनॉक्स कंपनीकडून.

इथे एक चूक दुरुस्त करते. लेखात त्या निळ्या थाळ्यांना पोर्सेलिन म्हटले आहे. त्या पोर्सेलिन नव्हेत. पोर्सेलिनला केओलिन ही पांढरी माती लागते, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ ही खनिजे लागतात आणि १३०० अंशांच्या वरची भाजणी लागते. मग ती माती काचेसारखी आतपर्यंत मिळून येते आणि पातळ भागातून उजेड दिसतो. स्टॅफर्डशायरच्या त्या थाळ्या पांढऱ्या मातीच्या, कमी आचेवर भाजलेल्या, वरून ग्लेझ दिलेल्या. फुटकी कड जिभेला लावून पाहा. पोर्सेलिन गुळगुळीत लागते. ही माती जिभेला चिकटते, कारण ती पाणी ओढते. हा फरक मी शब्दासाठी सांगत नाही. पोर्सेलिन राजवाड्यांत गेले. ही स्वस्त माती साध्या घरांच्या फडताळात गेली, म्हणून तिच्यावरचे चित्र कितीतरी जास्त डोळ्यांनी पाहिले.

आणि निळा रंगच का? त्याचे उत्तर भट्टीत आहे. ग्लेझखाली छापलेला रंग मोठ्या आचेत टिकावा लागतो, आणि कोबाल्टचा निळा हा त्यात सर्वांत खात्रीचा. लाल, गुलाबी, सोनेरी हे नाजूक. ते ग्लेझच्या वर लावून पुन्हा ७५०–८५० अंशांवर हलके भाजावे लागतात. म्हणजे आणखी एक भट्टी आणि आणखी एक खर्च. शिवाय गडद निळ्यात छपाईचे पुष्कळ दोष झाकले जातात.

दोष म्हणते तो कोणता, हे मला त्या दुकानात शोधायचे होते आणि सापडलेही. तांब्याच्या कोरीव पत्र्यावर तेलात कालवलेला रंग भरायचा, पत्रा गरम ठेवायचा, साबणाच्या पाण्यात भिजवलेला पातळ कागद त्यावर दाबून चित्र उचलायचे, तो कागद कच्च्या भाजलेल्या थाळीवर बसवून ताठ ब्रशने घासायचा, मग कागद पाण्याने धुऊन काढायचा. छापणारा बहुधा पुरुष, बसवणाऱ्या बायका, आणि कागद कातरीने कापून देणारी लहान मुलगी. मधले चित्र एक सलग, पण काठाची वेल पट्टीपट्टीने जोडावी लागते. मी काठावर अंगठा फिरवत गेले आणि डाव्या बाजूला, साधारण घड्याळातल्या आठच्या जागी, एक पान अर्ध्यात कापलेले दिसले. पुढच्या पट्टीचे फूल त्याच्यावर चढले होते. त्या मुलीची कातर तिथे थोडी तिरकी गेली होती. लाफायेतचे नाव जगाला माहीत आहे. तिचे कुठेही लिहिलेले नाही, पण तिचा हात त्या जागी आहे. मी बराच वेळ थाळी खाली ठेवली नाही. विकत घेणे मला परवडणारे नव्हते.

दुसरे उदाहरण फ्रान्सचे. पॅरिसजवळच्या सेव्ह्रच्या राजकारखान्याचा शिक्का म्हणजे एकमेकांत गुंफलेले दोन ‘एल’, राजा लुईच्या नावाचे. १७५३ पासून त्यात वर्षाचे अक्षरही घालू लागले, त्यामुळे पाठ पाहून वर्ष सांगता येते. १७९२ मध्ये राजेशाही गेली, आणि १७९३ पासून ते ‘एल’ जाऊन ‘आर. एफ.’, म्हणजे फ्रेंच प्रजासत्ताक, ही अक्षरे आली. भट्ट्या मात्र त्याच राहिल्या. नेपोलियनच्या काळात याच कारखान्याने इजिप्तच्या मोहिमेचा संच केला. ती मोहीम १८०१ मध्ये फ्रेंच सैन्याच्या शरणागतीने संपली होती, पण थाळ्यांवर आली ती देवळे, खांब आणि वाळवंट. पराभव आला नाही. पहिला संच रशियाच्या झार अलेक्झांडरला भेट गेला. दुसरा नेपोलियनच्या बायकोने, जोसेफिनने, घटस्फोटानंतर स्वतःसाठी करवून घेतला आणि तयार झाल्यावर फार कोरडा वाटतो म्हणून नाकारला. त्यातली मेजावर मधोमध मांडायची इजिप्तची देवळे सहा मीटरहून लांब आहेत, आणि ती ग्लेझ न दिलेल्या बिस्किट पोर्सेलिनची आहेत. भट्टीवर काम केलेल्या माणसाला विचारा, एवढे सरळ खांब न वाकता भाजून काढणे म्हणजे काय! १८१८ मध्ये फ्रान्सचा राजा अठराव्या लुईने हा संच कुणाला दिला? ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनला, ज्याने वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला त्यालाच. आज तो लंडनमध्ये आहे. आपल्या लेखात त्या थाळ्यांना फ्रान्सच्या वैभवाचे प्रतीक म्हटले आहे. त्या कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेल्या हे सांगितल्याशिवाय ते विधान अर्धे आहे.

तिसरे उदाहरण मला सगळ्यांत जास्त महत्त्वाचे वाटते. लेखात क्रांतीनंतरच्या रशियातली थाळी आहे. सेंट पीटर्सबर्गचा राजकारखाना १७४४ चा. १९१८ मध्ये तो सरकारजमा झाला आणि सेर्गेई चेखोनिन या चित्रकाराकडे कलाविभाग आला. देशात यादवी चालू, इंधन नाही, माती नाही, अन्न नाही. पण गोदामात झारच्या काळातला पांढरा माल पडून होता. पांढरा माल म्हणजे भाजून, ग्लेझ देऊन तयार, फक्त रंगवायचा राहिलेला. त्यावर नव्या राजवटीच्या घोषणा, विळा-हातोडा, लाल तारे, कामगार रंगवले गेले. चेखोनिनची अक्षरे तर अशी, की घोषणेचीच नक्षी होते. मिखाईल अदामोविचने ‘जो काम करणार नाही तो खाणार नाही’ ही थाळी केली. तिच्यावर लेनिनचा चेहरा आहे आणि शिधापत्रिकेचे तुकडे रंगवलेले आहेत. साल १९२१. त्याच साली व्होल्गाच्या खोऱ्यात भयंकर दुष्काळ होता. जेवणाच्या थाळीवर शिधापत्रिका काढणाऱ्याला काय म्हणायचे होते, हे मी अनेकदा मनात घोळवले आहे.

आता ती थाळी उलटी करा. पांढऱ्या मालाच्या बुडाला ग्लेझखाली झार निकोलसच्या नावाची हिरवी अक्षरे होती. ग्लेझखालचा शिक्का पुसता येत नाही. घासून जात नाही, आम्लाने जात नाही, पुन्हा भाजून जात नाही. म्हणून रंगाचा एक ठिपका त्यावर चढवून तो झाकला, आणि शेजारी नवा शिक्का मारला : हातोडा, विळा आणि दातेरी चाक. तो ग्लेझच्या वर. म्हणजे जुना राजा खाली, काचेच्या आत, आणि नवे राज्य वर, हलक्या आचेवर बसवलेले. ज्याने आयुष्यभर ग्लेझखालची आणि ग्लेझवरची छपाई हाताळली आहे त्याला या बुडाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. तोंडावर लिहिलेले असते की हे राज्य चिरंतन आहे. आपल्या छायाचित्रात फक्त तेवढेच आले.

आणखी एक गोष्ट ओझरती सांगते. अशा वस्तू नेहमी राजे आणि सरकारेच करवून घेतात असा लेखाचा सूर आहे. तसे नाही. १६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर मताचा हक्क मागायला जमलेल्या लोकांवर घोडदळ घातले गेले, माणसे मेली. त्या घटनेची चित्रे असलेले मातीचे मग आणि पाण्याचे जग इंग्लंडातच छापले गेले आणि लोकांनी ते घरात ठेवले. इंग्लंडातल्या वेजवुड कारखान्याने १७८७ मध्ये बेड्यांतल्या गुलामाचे पदक काढले, ‘मी माणूस नाही काय, मी भाऊ नाही काय’ अशा शब्दांचे. तेही मातीचेच. राष्ट्राच्या इतिहासात हेही धरा.

राहिले ब्रिटनच्या आठव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचे मग. लेखात त्यांना दुर्मिळ म्हटले आहे. समारंभ १२ मे १९३७ ला ठरला होता. एडवर्डने डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली, तोवर कारखान्यांनी माल काढलाही होता. तो मोठ्या संख्येने निघाला होता, म्हणून आजही सहज मिळतो. जो समारंभ झालाच नाही त्याची आठवण लोकांच्या घरांत आहे. त्याच १२ मे रोजी सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला. वेजवुडसाठी एडवर्डचा मग ज्याने काढला होता त्या एरिक रॅव्हिलियसचेच चित्र नाव आणि राजचिन्ह बदलून जॉर्जला वापरले, आणि १९५३ मध्ये एलिझाबेथलाही. तोवर रॅव्हिलियस या जगात नव्हता.

मी या मगांकडे हसून पाहू शकत नाही, त्याला कारण आहे. आमच्याकडे एकदा एका वर्धापनदिनाच्या थाळ्यांचे काम आले होते. मधे नक्षी, खाली सोनेरी अक्षरांत दोन साले. डेकल बाहेरून छापून आले होते. आम्ही चौघींनी आठ दिवसांत सगळा माल बसवला. भट्टीतून निघाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आले की पहिल्या सालातला एक आकडा चुकला आहे. मंजुरीच्या कागदावर तो तसाच होता, वरपर्यंत सह्या होत्या. बसवणाऱ्या आम्ही; साल आमच्यासमोर रोज शेकडो वेळा येत होते आणि आम्ही बुडबुडे बघत होतो. मला त्याची खंत अजून आहे. आठशे अंशांवर बसलेले सोने निघत नाही. सगळा माल अंगणात नेऊन फोडायला सांगितले, आणि तो आम्हालाच फोडावा लागला. पोर्सेलिन फुटताना खणखणीत आवाज होतो. दुपारभर तो आवाज चालू होता, आणि आमच्यातली सर्वांत लहान मुलगी रडत होती.

दुरुस्त थाळ्या वेळेत गेल्या. त्या समारंभात भिंतींवर लागल्या असतील. त्यांच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का आहे. त्या दुसऱ्यांदा केल्या गेल्या हे कुठेही लिहिलेले नाही.

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. अशा वस्तूंवर पुन्हा लेख आला तर प्रत्येक थाळीच्या चित्राशेजारी तिच्या बुडाचे चित्र, लहान का होईना, छापावे. मजकुरात चार गोष्टी याव्यात : माती कोणती, रंग ग्लेझखाली की वर, शिक्का कुणाचा, आणि ती कुणासाठी केली. संग्रहालयांनाही माझे हेच सांगणे आहे. काचेच्या कपाटात थाळी उभी ठेवता, तर तिच्यामागे एक आरसा ठेवा. खर्च फार नाही. काही ठिकाणी तसे केलेले मी पाहिले आहे आणि तिथे माणसे जास्त वेळ थांबतात. निदान मी तरी थांबले.

त्या फोडलेल्या मालातला एक तुकडा मी घरी आणला होता. चुकलेले साल त्यावर पूर्ण आहे, आणि मागे शिक्का अर्धा. दोन्ही बाजूंची छायाचित्रे सोबत पाठवत आहे. जागा एकाच चित्रापुरती असेल तर मागची बाजू छापावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त डेकल कामगार
(नाव व पत्ता छापू नये ही विनंती)